नावातला विळा

१

"सुकऱ्या सापडला नाही."

शनिवारी सकाळी स्क्रीनवर ही एक ओळ लाल अक्षरांत होती. तिच्या खाली बुधी, सोमी, रघु, फागी सगळे हिरव्या अक्षरांत सापडलेले होते. हरवला होता तो फक्त सुकऱ्या.

धर्मेंद्र माझ्या खुर्चीमागे उभा होता. "परत चालव," तो म्हणाला.

मी परत चालवलं. सुकऱ्या परत सापडला नाही.

जव्हारला मोखाड्याच्या रस्त्यावर एका कापडदुकानाच्या वरच्या मजल्यावर गोवर्धन सरांची संगणक-खोली आहे. सर निवृत्त विज्ञानशिक्षक. २००६ साली तिथे तीन संगणक होते. त्यांतला खिडकीजवळचा फार जुना होता. तिन्ही एकमेकांना जोडलेले, त्यामुळे फाइली सगळ्यांवर त्याच. पुण्यातल्या काही हौशी मंडळींनी मुलांसाठी 'बोली' नावाची छोटी संगणकभाषा बनवायला घेतली होती. तिच्यात आज्ञा मराठीत द्यायच्या. त्या कामाचा एक तुकडा सरांनी जव्हारला आणला. तो तुकडा म्हणजे 'कणगी'.

कणगीत धान्य साठवतात, तशी या कणगीत माहिती साठवायची. एकामागोमाग एक हवी तर यादी, एकसारखी दोनदा नको असेल तर संच, आणि नाव सांगितल्यावर त्याच्यापुढची माहिती काढून हवी असेल तर कोश. ही कणगी जामसरच्या धर्मेंद्रने लिहिली होती. ती कुठे चुकते का, हे रोज तपासणं माझं काम. मी भौतिकशास्त्र शिकलेली. प्रोग्रॅम लिहिण्यापेक्षा तो मोडून बघणं मला जास्त जमतं.

धर्मेंद्रने लिहिलेली सगळ्यात पहिली चाचणी अगदी साधी होती. एका फाइलीत कोश भरायचा: सुकऱ्या, गाव जामसर. दुसऱ्या फाइलीत विचारायचं: सुकऱ्या शोध. सापडला की चाचणी पास. सुकऱ्या हे त्याच्या वडिलांचं नाव. वडील गेल्या वर्षी वारले. त्यानंतरही मी रोज सकाळी चाचण्या चालवायचे आणि पहिली हिरवी ओळ यायची, "सुकऱ्या सापडला." धर्मेंद्र त्या वेळी काहीतरी निमित्त काढून माझ्या मागे येऊन उभा राहायचा. आम्ही दोघांनी त्याबद्दल कधी बोलणं काढलं नव्हतं.

आणि हे नको त्या दिवशी घडलं होतं. पुण्याहून ऋत्विक नावाचा इंजिनिअर आदल्या दिवशीच आला होता. त्याने स्वतः एक नवी, वेगवान कणगी लिहून आणली होती. संध्याकाळी पुण्याला फोन करून ठरणार होतं की 'बोली'त कुणाची कणगी जायची. धर्मेंद्रची गेली तर तिची देखभाल करायला त्याला जव्हारलाच मानधनावर ठेवणार होते. नाही गेली तर तो सोमवारी वसईला एका कंपनीत कामाला लागणार होता. मग जामसरच्या घरात त्याची आई एकटी.

ऋत्विक चहाचा ग्लास घेऊन आत आला. लाल ओळ बघून थबकला.

"काल तर पास होत होतं ना?"

"काल दुपारपर्यंत," मी म्हटलं.

"मग हे जास्त वाईट." तो धर्मेंद्रकडे न बघता म्हणाला, "नेहमीच चुकणारा कोड दुरुस्त करता येतो. कधी चुकणारा, कधी न चुकणारा... त्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा?"

धर्मेंद्रने पाठीवर सॅक टाकली. "भात कापायचा राहिलाय," एवढंच म्हणाला आणि जिना उतरून गेला.

२

मी आधी कणगीच तपासली. धर्मेंद्र तिची एक प्रत पेनड्राइव्हवर सरांकडे ठेवायचा. ती आणि इथली, दोन्ही संगणकालाच ताडून बघायला लावल्या. एका अक्षराचा फरक नव्हता.

मग चाचणीच्या फाइली बघितल्या. कोश भरण्याची फाइल कित्येक महिन्यांत कुणी उघडलेली नव्हती. शोधण्याची फाइल मात्र काल संध्याकाळी कुणीतरी बदलून जतन केली होती.

मी ती उघडली. 'सुकऱ्या शोध.' शेजारी दुसरी फाइल उघडली. 'सुकऱ्या, जामसर.' स ला पहिला उकार, क, मग ऱ्या. दोन्हीकडे तेच. पुढे एखादी मोकळी जागा राहिली आहे का तेही बघितलं. नव्हती.

कुणीतरी फाइल बदलली होती, आणि फाइलीत काहीच बदललं नव्हतं.

काल संध्याकाळी मी लवकर घरी गेले होते आणि धर्मेंद्र माझ्या आधी. मागे खोलीत तिघं होती. गोवर्धन सर, ऋत्विक आणि जानकीबाई. जानकीबाई जामसरच्या शाळेत शिक्षिका होत्या. निवृत्त झाल्यावर आमच्याकडे लहान मुलांना मराठी टंकलेखन शिकवायच्या. धर्मेंद्रही त्यांचाच विद्यार्थी.

सरांना मी पहिल्यांदा विचारलं.

"मी?" सर हसले. "अगं, मला मराठीत 'क' काढायला चष्मा, काठी आणि तू, तिघंही लागता. मी वर्तमानपत्र वाचत होतो."

"ऋत्विक काय करत होता?"

"मधल्या संगणकावर त्याचं त्याचं. मी खाली दूध आणायला गेलो तेव्हा एकटाच होता इथे, बाई गॅलरीत होत्या." सरांनी आवाज उतरवला. "पण किमया, पोरगा तसा वाटत नाही हं. रात्री आमच्याकडे जेवायला होता. वाढायला घेतलं तर आधी ताटं मांडायला उठला."

"ताटं मांडणारे फाइल बदलत नाहीत, असं कुठे आहे सर?"

"तेही खरं," सर म्हणाले.

३

ऋत्विकला प्रश्न कळायच्या आत राग आला.

"म्हणजे मी मुद्दाम नापास केलं? मी सात तास एसटीत बसून आलो ते हे करायला?"

"तू एकटा होतास."

"होतो. माझी कणगी तुमच्या मशीनवर चालते का ते बघत होतो. चालते." तो थोडा शांत झाला. "हे बघ, मला त्याची कणगी काढून टाकायची आहे, हे मी लपवलंय का? ती हळू आहे. पण ते मी फोनवर सांगेन, त्याच्या तोंडावर सांगेन. त्याच्या वडिलांच्या नावाला कशाला हात लावू?"

"वडिलांचं नाव आहे, हे तुला कोणी सांगितलं?"

"बाईंनी. काल संध्याकाळी. त्या त्या नावाकडे बघत बसल्या होत्या."

जानकीबाई गॅलरीत होत्या. बाहेरच्या फळ्यावर मुलांनी पाहुण्यांसाठी स्वागत लिहिलं होतं, त्यातला 'हार्दिक' त्या नीट करत होत्या. चुकीचं अक्षर दिसलं की बाईंचा हात आपोआप जातो. एकदा एसटी स्टँडवरच्या वेळापत्रकातली वेलांटी त्यांनी कंट्रोलरसमोर पेनने दुरुस्त केली होती, आणि कंट्रोलरने बाईंना बसायला खुर्ची दिली होती.

"बाई, काल तुम्ही किती वेळ होतात?"

"दिवे लागेपर्यंत. का गं? धर्मा तसाच का गेला? न्याहारी केली का त्याने?"

मी काय झालं ते सांगितलं. बाईंनी खडू खाली ठेवला.

"सुकऱ्या नाही सापडला?" त्यांचा चेहरा उतरला. "फार सरळ माणूस होता गं. पोराला शाळेत सोडायला यायचा आणि सुटेपर्यंत आंब्याखाली बसून राहायचा."

"काल संगणकावर कोणी काही करताना दिसलं?"

"तो मुलगा करत होता त्याचं काम. मला त्यातलं काय कळतंय? मी आपलं पाटी पुसली, एक अक्षर नीट केलं, दिवा मालवला आणि गेले." मग खिडकीजवळच्या संगणकाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "तेवढी ती पाटी बदला मात्र. डोळे दुखतात तिच्यापुढे."

मी फळ्याकडे बघितलं. 'हार्दिक'चा रफार आता जागेवर बसला होता. मी मान डोलावली आणि पुढे गेले. नंतर मला या मान डोलावण्याचा फार राग आला.

तिघांशी बोलून झालं होतं आणि हातात काहीच नव्हतं. धर्मेंद्रला संध्याकाळी फोनच्या वेळी तरी इथे असायला हवं होतं. मी जामसरची जीप पकडली.

४

धर्मेंद्र घराखालच्या वावरात भात कापत होता. त्याची आई, बुधी, पेंढ्या बांधत होती. मला बघून तिने आधी पाणी आणलं, मग विचारलं.

"पोरगा कालवण नाय का भाकर नाय, तसाच आला. काय हरवलाय म्हणतो तुमच्या मशीनीत?"

मला कसं सांगावं कळेना. "एक नाव हरवलंय मावशी. धर्मेंद्रच्या वडिलांचं."

बुधीमावशीने पेंढीची गाठ पूर्ण केली. "नाव कसा हरवेल? माणूस गेला. नाव हाय की."

"कोणतं नाव, ते सांग ना आई तिला," धर्मेंद्र वरून म्हणाला. बऱ्याच वेळाने त्याच्या आवाजात थोडी थट्टा होती.

"गप रे."

"घेणार नाही ती," तो मला म्हणाला. "नवऱ्याचं नाव घेत नाही. रेशनच्या दुकानात बा चं नाव विचारलं तर काय सांगायची माहितीय?"

"सुकरवारचा," मावशी लाजून म्हणाली. "सुकरवारी जलमला म्हणून. दुकानदाराला समजायचा."

"दुकानदार ओळखीचा होता म्हणून," धर्मेंद्र म्हणाला. "जव्हारच्या तहसीलमध्ये तो साहेब काय समजतोय? म्हणाला, असा कुणी माणूसच नाही इथे."

मी हसले आणि हसता हसता थांबले.

धर्मेंद्र कापायचा थांबून घाम पुसत होता. हातातला विळा त्याने माझ्या शेजारी बांधावर ठेवला. लाकडी मुठीवर खिळ्याने नाव कोरलेलं होतं: सुकऱ्या. बाकीची अक्षरं वेडीवाकडी होती. 'ऱ्या'तलं ते छोटं वळण मात्र ठसठशीत, खोल, हौसेने काढलेलं.

"बा ला एवढंच लिहिता यायचं," धर्मेंद्र म्हणाला. "कुणी शिकवलं देव जाणे. मला म्हणायचा, बघ, माझ्या नावात विळा हाय."

खरंच, 'ऱ्या' लिहिताना य च्या खांद्याला जे वळण येतं ते विळ्यासारखंच दिसतं. मी त्यावरून बोट फिरवलं. सुकऱ्या आणि सुकरवारचा. माणूस एकच. दुकानदाराला ते कळत होतं, कारण त्याने माणूस बघितला होता. साहेबाने फक्त अक्षरं ऐकली होती.

कणगीनेही माणूस बघितला नव्हता. तिला अक्षरांखेरीज काही दिसतच नव्हतं.

"धर्मेंद्र," मी म्हटलं, "हा विळा तू कीबोर्डवर कसा काढतोस?"

"र, मग त्याचा पाय मोडणारं हलन्त, मग जोडणारं एक न दिसणारं चिन्ह, मग या. तसंच शिकलो."

"आणि दुसरी काही रीत आहे?"

मग विळा उचलून त्याने आईच्या हातात दिला. "आई, मी आलोच."

५

'बोली'त एक आज्ञा आहे, 'लांबी'. शब्दात किती चिन्हं आहेत ते ती सांगते, दिसणारी आणि न दिसणारी दोन्ही. मी कोशातल्या सुकऱ्याची लांबी विचारली. आठ. शोधणाऱ्या ओळीतल्या सुकऱ्याची विचारली.

सात.

धर्मेंद्रने दोन्ही हात डोक्यावर ठेवले.

"डोळ्याला एक, मोजायला दोन," गोवर्धन सर म्हणाले. "पण कसं?"

"एका रीतीत साधा र आणि न दिसणारं चिन्ह मिळून विळा होतो," मी म्हटलं. "दुसऱ्या रीतीत विळ्याचा असा एक वेगळाच ऱ आहे. त्याची स्वतःची कळ आहे. ते न दिसणारं चिन्ह लागतच नाही. म्हणून एक कमी."

हे कुणी केलं ते आता मला विचारत बसायची गरज नव्हती. जुन्या गोष्टींत संशयितांकडून हस्ताक्षर लिहून घेतात. मी दोघांना मधल्या संगणकापुढे बसवलं आणि फक्त "सुकऱ्या लिहा" म्हटलं. सरांचा प्रश्नच नव्हता.

ऋत्विकने इंग्रजी अक्षरांवरून मराठी उमटवणाऱ्या सॉफ्टवेअरने लिहिलं. लांबी आठ.

जानकीबाईंनी पदर नीट केला, मुलांना शिकवतात त्या कीबोर्डवर दोन्ही हात ठेवले, शिफ्ट दाबून एका बोटाने ऱ काढला. लांबी सात.

बाईंनी आमच्याकडे आळीपाळीने बघितलं. "चुकलं का?"

"नाही बाई. अगदी शुद्ध आहे," मी म्हटलं. "काल तुम्ही पाटीवरचं कोणतं अक्षर नीट केलंत?"

"त्या पाटीवरचं," बाई म्हणाल्या, आणि खिडकीजवळच्या संगणकाच्या स्क्रीनकडे बोट दाखवलं.

पाटी म्हणजे स्क्रीन. सकाळी त्यांनी मला ते बोट दाखवून सांगितलं होतं, आणि मी फळा बघून आले होते.

मी तो जुना संगणक सुरू केला आणि त्यावर कोशाची फाइल उघडली, जिला कुणी हात लावला नव्हता. तिथे नाव दिसलं ते 'सुकर्या'. जुन्या संगणकाला ते न दिसणारं चिन्ह कळतच नव्हतं. त्याने विळा काढून टाकला होता आणि या च्या डोक्यावर रफार ठेवला होता.

"पाटी उघडीच राहिली होती, तिच्यावर अस्सं लिहिलेलं होतं गं," बाई म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी पुण्याची माणसं बघणार, आणि त्याच्या बापाचं नाव चुकीचं. मला राहवलं नाही." त्यांचा आवाज बारीक झाला. "आंब्याखाली बसलेला असायचा ना, तेव्हा मी एकदा विचारलं, नाव लिहायला शिकतोस का? मातीत काडीने गिरवून घेतलं. ऱ्या काही येईना. तेव्हा सांगितलं, घाबरू नको, हा तुझा विळाच आहे असं समज. मग आला. एकदा आल्यावर दिसेल तिथे काढायचा." त्या धर्मेंद्रकडे वळल्या. "त्याचा विळा कुणी काढून घेतला असं वाटलं मला. मी तुझं काम बिघडवलं का रे?"

धर्मेंद्र उभा होता तिथेच खाली बसला, बाईंच्या खुर्चीजवळ, वर्गात बसावं तसा.

"तुम्ही शिकवलंत होय," तो म्हणाला. "बा ने कधी सांगितलं नाही."

"मोठ्या माणसाला लाज वाटते शिकल्याची."

सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. तो आधीच स्वच्छ होता.

६

फोनला अजून वेळ होता. ऋत्विक मधल्या संगणकापुढे जाऊन बसला होता आणि त्याची पाठ विचित्र ताठ दिसत होती.

"काय झालं?" मी विचारलं.

"माझी कणगी तपासली. धर्मेंद्रच्या रीतीने सुकऱ्या भरला, बाईंच्या रीतीने शोधला." त्याने खुर्ची बाजूला सरकवली.

सुकऱ्या सापडला नाही.

"माझ्या सगळ्या चाचण्यांत अनिल, सुनील, अमर," तो म्हणाला. "एकाच्याही नावात विळा नाही. माझ्या आजोळचं आडनाव पऱ्हाड आहे, तेसुद्धा सुचलं नाही. मी काय तपासत होतो इतके महिने? वेग."

"माझीही चुकलीच की," धर्मेंद्र म्हणाला. "बाईंनी चूक केली नाही. ती आधीपासून कणगीत होती. एका शाळेत एका कीबोर्डवर नाव भरलं असतं, दुसऱ्यात दुसऱ्यावर शोधलं असतं, आणि पोरगं समोर उभं असताना मशीन म्हणाली असती, असा कुणी नाही इथे."

दोघं शेजारी बसले. दुरुस्ती मोठी नव्हती. कोशात ठेवण्याआधी आणि शोधण्याआधी नावातला विळा एकाच रीतीचा करून घ्यायचा, मग कुणी कसाही काढलेला असो. यादीला आणि संचालाही तेच. वेगासाठी ऋत्विकने त्याच्या कणगीतली एक युक्ती काढून दिली. धर्मेंद्रने ती दोनदा वाचली आणि म्हणाला, "चांगली आहे. पण तुझी नावं बदल."

फोनवर ऋत्विकच बोलला. आम्हाला एकच बाजू ऐकू येत होती. "नाही, त्याचीच घ्या... हो, माझी पण नापास झाली... तपासणी? इथेच ठेवा. तुम्हाला तिथे बसून नाही सापडणार हे." मग त्याने फोन धर्मेंद्रला दिला. धर्मेंद्र तीन वेळा "हो" म्हणाला, आणि ठेवल्यावर गॅलरीत जाऊन रस्त्याकडे बघत उभा राहिला. बाईंनी त्याच्यासाठी डब्यातली भाकरी काढली. ती त्याने उभ्यानेच खाल्ली.

वसईला त्याने सोमवारी कळवलं, येत नाही म्हणून.

त्याच दिवशी त्याने नव्या चाचण्या लिहून माझ्याकडे दिल्या. पहिली, त्याच्या रीतीचा सुकऱ्या. सापडला. दुसरी, बाईंच्या रीतीचा. सापडला. दोन्ही हिरव्या. खाली तिसरी होती. ती उलटी चाचणी होती. जे कोशात ठेवलेलंच नाही ते कणगीने उगाच शोधून देऊ नये, यासाठी अशाही लिहाव्या लागतात. त्यात न सापडणं म्हणजेच पास होणं.

मी ती चालवली. धर्मेंद्र माझ्या खुर्चीमागे येऊन उभा होता.

"सुकरवारचा सापडला नाही."

ओळ हिरवी होती.

"आईला सांगितलं?" मी विचारलं.

"सांगितलं. म्हणाली, बरं झालं." तो स्क्रीनकडे बघत होता. "म्हणाली, तेवढा माझ्याकडंच राहू दे."